कौतुकाचे ऋण : जॅक लंडन आणि ओकलंडच्या ग्रंथपालबाई

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने गेल्या काळाचा हिशेब मांडू लागले, की इमारती, निकाल, पारितोषिके, देणग्या यांच्या नोंदी सहज सापडतात. ग्रंथालयाचीही नोंदवही असते. तिच्यात पुस्तकाचा दाखल क्रमांक असतो, देवघेवीची तारीख असते, मुलाचे नाव व इयत्ता असते. ते पुस्तक मुलाच्या हाती देताना ग्रंथपाल त्याच्याशी काय बोलले, हे मात्र तिथे लिहिलेले नसते. क्वचित एखादे मूल मोठे होऊन ती राहिलेली नोंद स्वतःच्या हाताने पुरी करते. अमेरिकेचा विख्यात कथा-कादंबरीकार जॅक लंडन याने ती केली. म्हणूनच या स्मरणिकेसाठी त्याचे चरित्र निवडले आहे.

जॅकचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. त्याच्या जन्माला समाजमान्य पित्याचे नाव लाभले नाही. ज्याला त्याचा जन्मदाता मानले जाते, त्या विल्यम चेनी नावाच्या ज्योतिष्याने पितृत्व साफ नाकारले. जॅकची आई फ्लोरा वेलमन हिने त्याच वर्षी जॉन लंडन या विधुराशी विवाह केला. जॉन यादवी युद्धात लढलेला, स्वभावाने भला आणि व्यवहारात सदैव अपयशी असा गृहस्थ होता. त्याचे आडनाव मुलाला मिळाले. मुलाला माया मिळाली ती मुख्यतः व्हर्जिनिया प्रेंटिस या दाईकडून. गुलामगिरीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीने त्याला आपल्या दुधावर वाढवले. कुटुंब पोटामागे धावत एका शेतवाडीवरून दुसऱ्या शेतवाडीवर जात राहिले. घरात पुस्तके जवळजवळ नव्हती आणि मुलगा काय वाचतो याची विचारपूस करायला कोणाला सवडही नव्हती.

जॅक आठ-नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब लिव्हरमोर खोऱ्यातील एका शेतवाडीवर राहत होते. तिथे वीडा या लेखिकेची एक कादंबरी त्याच्या हाती लागली. एका निराधार खेडवळ मुलाचा थोर संगीतकार होतो, अशी ती कथा होती. पुस्तकाची शेवटची पाने गहाळ होती, त्यामुळे नायकाचे पुढे काय झाले हे त्याला कित्येक वर्षे कळले नाही. पण दरिद्री मुलालाही काही होता येते, एवढे मात्र मनात रुजले. दुसरे पुस्तक त्याला शाळेतील शिक्षिकेने दिले. ते होते वॉशिंग्टन आयर्विंगचे स्पेनमधील अल्हम्ब्रा राजवाड्याविषयीचे पुस्तक. त्याने ते पुन्हा पुन्हा वाचले आणि पडलेल्या धुराड्याच्या विटा गोळा करून अंगणात स्वतःचा अल्हम्ब्रा बांधला. पुस्तक परत करताना बाई आपल्याला दुसरे देतील, अशी त्याला मोठी आशा होती. मागण्याचे धैर्य झाले नाही आणि बाईंनीही विचारले नाही. शाळेपासून शेतवाडीपर्यंतची तीन मैलांची वाट तो मुलगा रडत चालला. पुढे १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'जॉन बार्लीकॉर्न' या आत्मकथनात त्याने ही हकिगत सांगितली आहे. त्या शिक्षिकेने त्याला रागावले नव्हते, अपमानही केला नव्हता. मुलाला आवड नसावी, असे तिला वाटले असेल. वर्गात गप्प राहणाऱ्या मुलाच्या मनात काय आहे हे आम्हा शिक्षकांना नेहमीच दिसते असे नाही. म्हणून शिक्षकाने हा प्रसंग दोनदा वाचावा.

इ.स. १८८६ च्या सुमारास लंडन कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडील ओकलंड शहरात आले. या शहराच्या ग्रंथालयाची सुरुवात वर्गणीदारांच्या संस्थेपासून झाली होती. १८७८ पासून ते सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले होते. पैसे न देता हवी तेवढी पुस्तके वाचता येतात, हे कळल्यावर दहा वर्षांच्या जॅकला आपल्यासमोर एका नव्या जगाचे दार उघडल्यासारखे वाटले. त्या दारापाशी बसत होत्या ग्रंथपाल आयना कूलब्रिथ.

कूलब्रिथबाई स्वतः कवयित्री होत्या आणि त्यांचे आयुष्यही सुखाचे गेले नव्हते. त्यांचा जन्म १८४१ चा. लहानपणी बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर अर्धा खंड ओलांडून त्या कॅलिफोर्नियात आल्या. कोवळ्या वयातील दुःखद विवाह, मूल दगावणे आणि मग घटस्फोट, इतके सोसून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत नव्या नावाने नवे आयुष्य सुरू केले. १८६८ साली ब्रेट हार्टच्या संपादकत्वाखाली निघालेल्या 'ओव्हरलँड मंथली' या मासिकाभोवती जे लेखकमंडळ जमले, त्यात त्यांचे स्थान मानाचे होते. परंतु १८७४ मध्ये बहीण वारली आणि तिच्या दोन मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. आईचेही पाहावयाचे होते. बरोबरीचे कवी-लेखक न्यूयॉर्क-लंडनला जाऊन कीर्ती मिळवीत असताना बाईंनी ओकलंडच्या ग्रंथालयात नोकरी धरली. आठवड्याचे ६ दिवस, रोज १२ तास असे ते काम होते. कवितेसाठी वेळ उरेना. जे शब्द स्वतःच्या काव्यात जायचे, ते समोर येणाऱ्या मुलांना मिळू लागले. जगप्रसिद्ध नर्तकी इसाडोरा डंकन हीदेखील ओकलंडमध्येच वाढली. आपल्याला वाचनाला प्रवृत्त करणाऱ्या या बाईंचे स्मरण तिनेही आपल्या आत्मचरित्रात ठेवले आहे.

एके दिवशी जॅकने पेरू देश जिंकणाऱ्या पिझारो या स्पॅनिश सेनानीविषयीचे पुस्तक मागितले. बाईंनी ते आणून दिले, त्यावर शिक्का मारला आणि देताना अशा प्रकारचे पुस्तक निवडल्याबद्दल त्याची प्रशंसा केली. घटना एवढीच. रांगेत मागे आणखी वाचक उभे असतील, बाईंच्या लेखी तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला असेल. मुलाच्या लेखी मात्र त्याच्या वाचनाच्या निवडीला मिळालेली ती आयुष्यातील पहिली दाद होती. लिव्हरमोरच्या वाटेवर रडत गेलेला आणि ओकलंडच्या ग्रंथालयातून ताठ मानेने बाहेर पडलेला मुलगा एकच. मधल्या काळात त्याच्या बुद्धीत काही फार मोठा फरक पडला नव्हता. फरक पडला तो पुस्तक देणाऱ्या व्यक्तीच्या दोन शब्दांनी.

त्यानंतर जॅक वाचतच सुटला. अंथरुणात, जेवताना, शाळेत जाता-येता, मधल्या सुट्टीत इतर मुले खेळत असताना, असे अखंड वाचन चालू राहिले. त्याचा ताण शरीरावर दिसू लागला, इतके ते वाचन होते. हे सारे कष्ट सांभाळून चालले होते. पहाटे तीनला उठून तो वर्तमानपत्रे टाकी. पुढे बर्फाच्या गाडीवर आणि खेळाच्या अड्ड्यावर पडेल ते काम त्याने केले. प्राथमिक शिक्षण संपल्यावर तो हवाबंद डब्यांच्या कारखान्यात लागला. तासाला १० सेंट मजुरी आणि कधी कधी सलग अठरा-वीस तास यंत्रापुढे उभे राहणे! या जिण्याला कंटाळून पंधराव्या वर्षी त्याने दाई प्रेंटिसबाईंकडून ३०० डॉलर उसने घेऊन एक छोटे शिडाचे जहाज विकत घेतले. रात्रीच्या वेळी दुसऱ्यांच्या राखीव पट्ट्यांतील कालवे चोरण्याचा धंदा त्याने त्या जहाजावर केला. लवकरच तो उलट बाजूस जाऊन मासेमारीच्या चोरांना पकडणाऱ्या गस्ती पथकात सामील झाला. मद्याचे व्यसन याच वयात जडले. ते त्याला आयुष्यभर पुरले आणि त्याची कबुली त्याने स्वतःच लेखणीने दिली.

इकडे १८९२ साली, १८ वर्षांच्या सेवेनंतर, ग्रंथालयाच्या संचालक मंडळाने कूलब्रिथबाईंना अवघ्या तीन दिवसांची मुदत देऊन कामावरून दूर केले. त्यांच्या जागी त्यांनीच वाढवलेल्या भाच्याची नेमणूक झाली. जॅक तेव्हा खाडीच्या पाण्यावर होता.

१८९३ मध्ये तो सीलच्या शिकारीला निघालेल्या गलबतावर खलाशी म्हणून जपानच्या समुद्रात गेला. परतल्यावर तागाच्या गिरणीत पुन्हा तासाला १० सेंटवर राबू लागला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राने तरुण लेखकांसाठी स्पर्धा जाहीर केली. आईच्या आग्रहावरून जॅकने जपानच्या किनाऱ्यावर अनुभवलेल्या चक्रीवादळाचे वर्णन लिहून पाठवले आणि २५ डॉलरचे पहिले पारितोषिक मिळवले. गिरणीत हे पैसे मिळवायला त्याला अडीचशे तास उभे राहावे लागले असते! सतरा वर्षांच्या, शाळा सुटलेल्या मजूर मुलाने विद्यापीठातील विद्यार्थ्यांना मागे टाकले होते. त्याच्यापाशी दोनच गोष्टी होत्या. डोळ्यांनी पाहिलेले वादळ आणि ग्रंथालयात वाचलेली भाषा.

१८९४ साली बेकारांच्या मोर्च्याबरोबर आणि मग एकट्याने, मालगाड्यांवर लपून त्याने देशभर भटकंती केली. भटक्या म्हणून बफलो येथे त्याला ३० दिवसांचा तुरुंगवास घडला. अंगमेहनतीवर जगणाऱ्या माणसाचे शरीर झिजले की समाज त्याला कसे फेकून देतो, हे त्याने तिथे पाहिले आणि बुद्धीच्या बळावर जगायचे, असा निश्चय करून तो ओकलंडला परतला. एकोणिसाव्या वर्षी तो आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर हायस्कूलच्या बाकावर बसला आणि फीसाठी त्याच शाळेचे वर्ग झाडू लागला. शाळेच्या नियतकालिकात त्याचे लेखन प्रसिद्ध होऊ लागले. या काळात ओकलंडच्या ग्रंथालयातील संदर्भ विभागाचे फ्रेडरिक बॅमफर्ड हे त्याचे स्नेही व वाचनातील वाटाडे झाले. बाईंनी पेरलेल्या आवडीला बॅमफर्ड यांच्या सहवासात दिशा मिळाली. अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, उत्क्रांतिवाद यांच्या वाचनात तो बुडून गेला. १८९६ मध्ये त्याने बर्कली येथील विद्यापीठात प्रवेश मिळवला, पण पैशाअभावी वर्ष पुरे होण्याआधीच विद्यापीठ सोडावे लागले. पुढील सारे शिक्षण ग्रंथालयातच झाले.

१८९७ च्या उन्हाळ्यात सोन्याच्या शोधात हजारो लोक कॅनडातील क्लोंडाइककडे धावले. जॅकही गेला. पाठीवरच्या सामानात डार्विन आणि मिल्टन होते. हिवाळा त्याने बर्फात, लाकडी झोपडीत काढला. सोने मिळाले नाही. स्कर्व्हीने दात हलू लागले, तेव्हा तो १८९८ मध्ये घरी परतला. दरम्यान जॉन लंडन वारले होते आणि घराचा भार त्याच्यावर होता. तो लिहू लागला. नकार येत राहिले, सायकल गहाण पडली, परत सुटली, पुन्हा पडली. टपाल खात्याची परीक्षा तो उत्तीर्ण झाला आणि पोस्टमनची नोकरी समोर आली. पण त्याने ती स्वीकारली नाही. जानेवारी १८९९ मध्ये त्याची उत्तरेतील बर्फाळ प्रदेशाविषयीची कथा छापून आली, ती 'ओव्हरलँड मंथली' मासिकात. ज्या मासिकाच्या पहिल्या पर्वात कूलब्रिथबाईंच्या कविता प्रसिद्ध झाल्या होत्या, त्याच नावाने पुन्हा निघालेल्या मासिकाने बाईंच्या या बालवाचकाला लेखक म्हणून उभे केले. मानधन होते ५ डॉलर. १९०० मध्ये पहिला कथासंग्रह निघाला आणि १९०३ मध्ये 'द कॉल ऑफ द वाइल्ड' ही बक नावाच्या कुत्र्याची कादंबरी प्रसिद्ध होताच त्याचे नाव जगभर झाले. रोज १००० शब्द लिहिण्याचा नेम त्याने पाळला आणि पन्नासाच्या आसपास पुस्तके लिहिली. त्याचे काही विचार, विशेषतः वंशभेदाविषयीचे, आज आपल्याला मान्य होणार नाहीत. परंतु श्रमिकांच्या दुःखाविषयीची त्याची तळमळ खरी होती.

ग्रंथालयाने त्याला काय दिले, हे १९०९ च्या 'मार्टिन ईडन' या आत्मचरित्रात्मक कादंबरीत दिसते. तिचा नायक अल्पशिक्षित खलाशी आहे. तो प्रथम ओकलंडच्या ग्रंथालयात शिरतो, तेव्हा ग्रंथांच्या भिंती पाहून भांबावतो आणि एकही पुस्तक न घेता बाहेर पडू लागतो. तेव्हा टेबलामागे बसलेला माणूस हवे ते मिळाले का असे विचारतो आणि येत राहण्याचे आमंत्रण देतो. नंतर तोच नायक एका सभासदपत्रावर भागत नाही म्हणून घरच्यांच्या नावांनी पत्रे काढून पुस्तकांचे भारे नेऊ लागतो. दाराशी भेटलेले ते साधे आमंत्रण जॅकने कादंबरीत जपून ठेवले.

आता १९०६ सालाकडे वळू. १८ एप्रिलच्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत प्रलयंकारी भूकंप झाला आणि मागोमाग शहराला आग लागली. जॅक व त्याची पत्नी चार्मियन त्या रात्री जळत्या शहरातून फिरत होते. त्याने लिहिलेला डोळ्यांदेखतचा वृत्तान्त पुढे 'कोलियर्स' साप्ताहिकात गाजला. त्याच आगीत कूलब्रिथबाईंचे घर भस्मसात झाले. पुस्तके, लेखकमित्रांची पत्रे, कॅलिफोर्नियाच्या साहित्याविषयी वर्षानुवर्षे जमवलेले हस्तलिखित, सारे गेले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी बाई बेघर झाल्या.

त्या डिसेंबरात जॅकने त्यांना पत्र लिहिले. तो तेव्हा तीस वर्षांचा, अमेरिकेतील अग्रगण्य लेखक होता आणि स्वतःच्या जहाजाने जगप्रवासाला निघण्याच्या तयारीत होता. ओकलंडच्या ग्रंथालयातील दिवसांची आठवण काढून त्याने सांगितले, की माझ्या वाचनाचे कौतुक करणाऱ्या तुम्हीच पहिल्या. पिझारोचे पुस्तक, त्यावरचा शिक्का, पुस्तक देताना बाईंनी केलेली प्रशंसा आणि त्याने वाटलेला अभिमान, हे सर्व त्याने वीस वर्षांनंतर तपशिलाने लिहिले. बाईंविषयी आपल्याला काहीही माहिती नव्हती, तरी लहानपणी त्या आपल्याला देवतेसमान वाटत आणि इतकी उदात्त स्त्री पुढे कधी भेटली नाही, असेही त्याने कळवले. जळालेले घर त्या पत्राने परत येणार नव्हते. पण ज्या ग्रंथालयातून आपल्याला काढून टाकले, तिथे खर्ची पडलेली आयुष्याची १८ वर्षे वाया गेली नाहीत, याची लेखी पावती बाईंच्या हाती आली, आणि ती त्या हयात असताना आली.

१९१५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कूलब्रिथबाईंना राजकवयित्रीचा मान दिला. असा मान मिळवणाऱ्या त्या राज्यातील पहिल्या होत. जॅक मात्र फार जगला नाही. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ग्लेन एलन येथील आपल्या शेतवाडीवर त्याचे निधन झाले. दुसऱ्या पुस्तकासाठी रडलेल्या त्या मुलाच्या संग्रही तोवर सुमारे १५,००० ग्रंथ जमले होते. त्यांपैकी बराच भाग आणि त्याची कागदपत्रे आज कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात अभ्यासकांना उपलब्ध आहेत. कूलब्रिथबाई त्याच्यानंतर अकरा वर्षांहून अधिक जगल्या आणि १९२८ साली निवर्तल्या.

ज्या विनामूल्य सार्वजनिक ग्रंथालयाने जॅकला घडवले, त्या कल्पनेचा आपल्याशीही संबंध आहे. ज्या १९०६ साली हे पत्र लिहिले गेले, त्याच साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. तेथील ग्रंथालये पाहून ते इतके प्रभावित झाले, की १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञाला बडोद्यास बोलावून घेतले. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाच्या रूपाने प्रजेसाठी खुला झाला, स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र सोय झाली आणि पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जाऊ लागली. महाराष्ट्राबाहेर एका मराठी राजाने घडवलेला हा वारसा आहे. परप्रांतात मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांना तो अधिक जवळचा वाटावा. आपल्या मुलांना रस्त्यावरच्या पाट्या, दुकाने, शेजार यांतून मराठी दिसत नाही. अनेकांना मराठी पुस्तक भेटण्याची जागा शाळेचे ग्रंथालय हीच असते. तिथे 'हे पुस्तक छान निवडलेस' एवढे वाक्य मराठीत कानी पडले, तर त्या मुलाची भाषेशी आयुष्यभराची गाठ पडू शकते. ते वाक्य उच्चारायला अनुदान लागत नाही की ठराव लागत नाही.

म्हणून या हीरक महोत्सवी वर्षात दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली माझ्या शिक्षक-सहकाऱ्यांना. परत आलेले पुस्तक कपाटात ठेवण्यापूर्वी मुलाकडे पाहावे आणि पुढचे पुस्तक आपणहून पुढे करावे. मागण्याचे धैर्य नसणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. दुसरी विनंती माजी विद्यार्थ्यांना. ज्यांनी आपल्या हाती पहिले आवडते पुस्तक ठेवले, त्या ग्रंथपालांना, शिक्षिकांना किंवा शेजारच्या आजोबांना या वर्षी एक पत्र लिहावे. जॅक लंडनने ते लिहायला वीस वर्षे घेतली, आणि तरीही ते वेळेवर पोहोचले, हे त्याचे भाग्य. आपण इतका विलंब करू नये.